बोलणाऱ्याचं नाव

शनिवार पेठ, पुणे
६ जानेवारी २०२५

नाजिमाबाई यांना वैजनाथचा नमस्कार.

छापखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, तरी तुमच्याकडून फुकट काम करून घ्यायची माझी सवय गेलेली नाही, हे पहिल्याच ओळीत कबूल करतो.

माणसांच्या स्वभावाच्या शब्दांचा जो लहानसा कोश मी करतो आहे, त्याचं चौथं प्रकरण आता चालू आहे. दुसऱ्याला धाक घालणारी माणसं. लोभी, आळशी आणि चहाडखोर संपवले, आता दांडगे राहिलेत. माझ्याजवळ दांडगा, आडदांड, धटिंगण, झोटिंग, पुंड, टगा, गुंड, मवाली, शिरजोर, दादा आणि भाई एवढे जमलेत. एवढ्यावर महाराष्ट्राचं भागत असेल असं मला वाटत नाही. बिबवेवाडीत माणसं अजून जिन्यात उभी राहून भांडतात. आमच्या पेठेत आता नुसत्या पाट्या लावतात, त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे.

नियम तुम्हाला ठाऊक आहेत, पण वय झालं म्हणून पुन्हा लिहितो (वय माझं, तुमचं नव्हे). एका कार्डावर एक शब्द. त्याखाली तो शब्द वापरलेलं वाक्य, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. घरी बसून रचलेलं चालणार नाही. त्याखाली बोलणाऱ्याचं नाव, तो कुणाला बोलला आणि तारीख. एक रकाना जरी रिकामा राहिला तरी कार्ड परत येईल.

फोन करू नका. कानात मशीन आहे, पण फोनवर मला सगळ्यांचा आवाज कुकरसारखा येतो. तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि चार जिने माझे गुडघे चढणार नाहीत. तेव्हा पत्रच बरं. आमोद ऑफिसला जाताना माझी पत्रं पेटीत टाकतो आणि आलेलीही तोच खालून वर आणतो. त्याची आई गेल्यापासून माझं सगळं तोच बघतो. मुलगा चांगला निघाला.

कोरी कार्डं सोबत आहेत.

वैजनाथ


बिबवेवाडी
१५ जानेवारी

वैजनाथराव, सलाम.

पत्र मिळालं. नेमकं याच आठवड्यात मिळालं, याचं नवल वाटलं. दांडग्यांची आठवण तुम्हाला आत्ताच कशी झाली? सहज विचारते.

नऊ कार्डं पाठवत आहे. 'टोळभैरव' आमच्या भाजीवाल्याचा आहे, 'दमबाज' रिक्षावाल्याचा. दोघांनी नावं आनंदानं दिली, पुस्तकात छापून येणार म्हटल्यावर भाजीवाल्यानं कोथिंबीरही दिली.

आमची इमारत पाडून नवी बांधायचं घाटतं आहे. बारा घरांपैकी अकरांनी संमतिपत्रावर सह्या केल्या, माझी राहिली आहे. इमारत पाडायला माझी हरकत नाही, गुडघे मलाही आहेत. पण नवं घर केवढं मिळणार आणि कधी मिळणार, या दोन्ही जागा त्या कागदात कोऱ्या आहेत. नंतर भरू म्हणतात. तीस वर्षं तुमच्या शेजारी बसून मुद्रितं तपासली, आता कोऱ्या जागेखाली सही कशी करू? या घराखेरीज मला डोक्यावर दुसरं छप्पर नाही. एकदा बाहेर पडले आणि त्या जागा त्यांनी हव्या तशा भरल्या, तर सहासष्टाव्या वर्षी कुणाच्या दारात उभी राहू?

बिल्डरच्या वतीनं एक गृहस्थ येतो. अतिशय सभ्य. चपला बाहेर काढतो, पाणी दिलं तर भांडं स्वतः आत नेऊन ठेवतो.

बहिणीचा मुलगा कासिम दिवाळीपासून माझ्याकडे राहतो. हडपसरच्या एका कारखान्यात लागला आहे, अजून कायम झालेला नाही. हे तुम्हालाच लिहिते. शेजारी कुणाला सांगितलेलं नाही, उगाच पोराला कमीपणा.

आमोद हल्ली नक्की काय काम करतो? लहानपणी छापखान्यात यायचा, छपाईच्या खिळ्यांना हात लावू नको म्हटलं की लगेच हात मागे घ्यायचा. इतकं ऐकणारं मूल मी दुसरं पाहिलं नाही.

नाजिमा


शनिवार पेठ
२४ जानेवारी

नाजिमाबाई, नमस्कार.

लोभी, आळशी आणि चहाडखोर झाल्यावर दांडगेच येतात. प्रकरणांचा क्रम मी पाच वर्षांपूर्वी ठरवला आहे, त्यामुळे 'आत्ताच कशी' याचा रोख मला कळला नाही.

आठ कार्डं घेतली. नववं परत. शब्द लिहिला आहे 'झोटिंग', आणि खाली वाक्य असं:

"मावशी, गॅसची नळी बदलून घ्या हं. एकट्या बाईचं घर, कधी काय होईल सांगता येत नाही."

बाई, यात झोटिंग कुठे आहे? वाक्यात शब्दच नाही. बोलणाऱ्याचा रकाना रिकामा. शिवाय हे बोलणं काळजीचं आहे. तुमच्या गॅसच्या नळीची चौकशी करणारा माणूस या शहरात अजून आहे, याबद्दल आनंद मानायचा की त्याला झोटिंगांच्या रांगेत उभं करायचं? डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुमचं लक्ष उडालेलं दिसतं.

आमोद एका सल्लागार कंपनीत आहे. लोकांना अवघड गोष्टी समजावून सांगायच्या, त्यांची मनं वळवायची, असं काहीसं काम. नेमकं मलाही कळत नाही. विचारलं की "बाबा, तुम्ही ऐकून दमाल" म्हणतो. आवाज कधी चढवत नाही. माझा स्वभाव त्यानं घेतला नाही, हे त्याचं नशीब.

संमतिपत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कोऱ्या जागा भरून, खाली त्यांची सही घेऊन, मगच तुमची. तोवर कुणी कितीही गोड बोलो, सही करू नका. त्या गृहस्थाचं नाव कळवा, आमोदला विचारून बघतो. त्याच्या ओळखी फार आहेत.

गुरुवारी जेवायला या. आमोद पिठलं चांगलं करतो.

वैजनाथ


बिबवेवाडी
५ फेब्रुवारी

वैजनाथराव, सलाम.

गुरुवारी जमणार नाही. हल्ली घर बंद करून कुठे जात नाही. जिन्यातला दिवा रोज कुणी तरी काढून नेतं आणि कासिम रोज नवा लावतो. आमच्या एकट्या घराचं पाणी दोन दिवसांआड बंद होतं, गच्चीवरचा कॉक कोण फिरवतं ते कुणी पाहिलेलं नसतं. शेजारच्या मेहरुनआपा जिन्यात भेटल्या की पूर्वी थांबायच्या, आता त्यांना नेहमी काही तरी आठवतं. त्यांची सही पहिल्या दिवशी झाली.

एक विचारते. पाकीट तुम्ही स्वतः चिकटवता का? तुमच्या गेल्या पाकिटावर डिंकाचे दोन थर होते. छापखान्यात इतकी वर्षं डिंक मीच कालवायचे, त्यामुळे असल्या गोष्टी दिसतात.

आणि दुसरं. सही करू नका असं तुम्ही लिहिलंत. ते पत्र माझ्या हाती पडायच्या आदल्या दिवशी तो सभ्य गृहस्थ येऊन बसला होता. उठताना हसून म्हणाला, तुम्हाला सल्ला देणारे पुष्कळ आहेत वाटतं.

त्याचं नाव विचारलंत. नाव मला माहीत आहे. तूर्त लिहीत नाही.

एकच कार्ड आहे. तुम्ही परत पाठवाल, तरी पाठवते.

नाजिमा


शनिवार पेठ
१२ फेब्रुवारी

नाजिमाबाई,

नमस्काराला वेळ नाही, काळजी वाटते म्हणून लगेच लिहितो.

पाकीट मीच चिकटवतो, समोरच्याच पाटावर. आमोद फक्त पेटीत टाकतो. मग डिंकाचा दुसरा थर तुमच्याकडे आल्यावर बसला, याखेरीज दुसरा अर्थ निघत नाही. तुमच्या खालच्या पेटीची किल्ली कासिमजवळ असणार. पत्र आदल्या दिवशी आलं, त्यानं उघडलं, वाचलं, त्या गृहस्थाला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी चिकटवून तुमच्या हाती दिलं. दिवे तोच लावतो ना? जो लावतो त्याला काढताही येतात. दिवाळीपर्यंत तुमच्याकडे हे काही नव्हतं, आणि दिवाळीलाच तो आला. तुम्हाला मूलबाळ नाही. नवं घर मोठं असेल. पुढचं लिहायला नको.

तुमच्या कार्डानं तर माझी खात्रीच झाली. शब्द 'पुंड' आणि वाक्य:

"मावशी, कासिमची नोकरी कायम झाली का हो? नाही, कंपनीत कुणी नसती चौकशी केली तर बिचाऱ्याचं नुकसान व्हायचं."

ही गोष्ट शेजारी कुणाला माहीत नाही, असं तुम्हीच मला लिहिलं होतं. मग त्या गृहस्थाला कुणी सांगितली? ज्याची नोकरी, त्यानंच.

नाव लिहायला तुमचा हात अडतो, त्यावरून मी ओळखलं. परक्याचं नाव लिहायला कुणाचा हात अडत नाही. घरचं असलं की अडतो.

कार्ड मात्र परत. वाक्यात शब्द नाही, नाव नाही. आणि पुन्हा एकदा, बोलणारा माणूस पोराच्या भल्याचंच बोलतो आहे. अशी आणखी वाक्यं असतील तर 'काळजी' या शब्दाखाली वेगळी ठेवतो. मी कार्डाच्या कोपऱ्यात तसं पेन्सिलीनं लिहिलंही आहे.

सांभाळून राहा. पैरणीच्या खिशात कागद ठेवू नका, आणि त्याच्यासमोर माझं पत्र वाचू नका.

वैजनाथ


बिबवेवाडी
२० फेब्रुवारी

वैजनाथराव,

पैरण पुरुषांची, मी जन्मात घातली नाही. पण घाईत लिहिलंत, म्हणून सोडून देते.

कासिमबद्दल जे लिहिलंत ते सोडून देत नाही. तो पोरगा दुसऱ्या पाळीवरून आला की जेवायच्या आधी चार मजले बादल्या चढवतो, माझं पाणी बंद असतं म्हणून. आणि पेटीची किल्ली माझ्या कमरेला असते. हे तुम्ही विचारायला हवं होतं, गृहीत धरलंत. चाळीस वर्षांत तुम्ही लेखकाला न विचारता एक वेलांटी बदलली नाहीत, आणि माझ्या भाच्याला एका पत्रात चोर ठरवलंत. का ठरवलंत, हे जरा एकट्यानं बसून स्वतःला विचारा. उत्तर मला कळवायची गरज नाही, मला ते साठ वर्षं ऐकून पाठ आहे.

तुमच्या कोपऱ्यातल्या पेन्सिलीमुळे मात्र माझा एक संशय फिटला. तो कुठला, ते आत्ता लिहीत नाही.

आणखी एक कार्ड पाठवते, परत आलेली दोनही पुन्हा सोबत जोडते. शब्द 'धटिंगण'.

"सकाळी साडेसहाला दुधाला उतरता ना मावशी? जिन्यात अंधार असतो हल्ली. या वयात पडलं की माणूस उठत नाही. जपून."

यात धटिंगण नाही, हे मला माहीत आहे. बोलणाऱ्याचा रकाना रिकामा आहे, हेही माहीत आहे. वरचा शब्द बोटानं झाका, कोश विसरा, आणि एखाद्या बाईच्या घरात तिच्यासमोर बसून हे कुणी म्हणतो आहे असं समजून तीनही वाक्यं वाचा. तुमच्याकडून एवढंच मागते.

नाजिमा


शनिवार पेठ
१ मार्च

नाजिमाबाई, नमस्कार.

तुम्ही रागावलात. भाच्यावर माया असते, मी समजू शकतो. पण मायेनं वस्तुस्थिती बदलत नाही.

तुम्ही सांगितलंत तशी वाक्यं वाचली. मला त्यात तुमची चिंता करणारा एक भला माणूस दिसतो, आणि त्याच्याआडून तुमच्याच घरातल्या कुणाची तरी भीती. माझ्या एकट्याच्या बुद्धीवर विसंबू नये म्हणून मी सगळी पत्रं आणि कार्डं आमोदला वाचायला दिली. त्यानं सगळी वाचून नीट लावून ठेवली आणि म्हणाला, "बाबा, मावशी एकट्या पडल्यात. मी बघतो त्यांच्याकडे." मला भरून आलं. इतक्या वर्षांनी त्याला तुमची आठवण आहे.

तो आता अधूनमधून येऊन जाईल. घराची एक किल्ली त्याच्याजवळ देऊन ठेवा, म्हणजे तुम्हाला काही झालं तरी दार उघडता येईल. हे त्यानंच सुचवलं.

कासिमबद्दल पोलीस चौकीत द्यायचा एक अर्ज त्यानं तयार केला. वृद्ध नातेवाईक महिलेला धाक दाखवून घर बळकावण्याचा प्रयत्न, असा विषय आहे. तुमचा जुना स्नेही म्हणून मी सही केली. तुम्ही हो म्हणालात की तो नेऊन देईल, एक प्रत कारखान्यालाही पाठवेल. सोळा तारखेला तुमच्या सोसायटीची सभा आहे असं त्याच्याकडून कळलं. त्याआधी घरातलं हे निस्तरलेलं बरं.

वैजनाथ


बिबवेवाडी
५ मार्च

श्री. वैजनाथराव यांस,

आपले पत्र पोचले. अर्ज चौकीत किंवा कारखान्यात देऊ नये. येत्या सोळा तारखेला, रविवारी, सोसायटीच्या सभेत मी संमतिपत्रावर सही करीन. तसे आपल्या चिरंजीवांना सांगावे. किल्ली देण्याची आता गरज उरत नाही.

कार्डे यापुढे पाठवता येणार नाहीत. उरलेली कोरी कार्डे परत करत आहे.

नाजिमा


बिबवेवाडी
९ मार्च, रविवार
(कासिमच्या हाती)

वैजनाथराव, सलाम.

हे पत्र कासिमला तुमच्याच हातात द्यायला सांगितलं आहे. तो समोर बसेल आणि तुमचं वाचून होईपर्यंत उठणार नाही. पाचव्या तारखेचं पत्र तुमच्यासाठी नव्हतं. तुमच्या आधी जो वाचतो त्याच्यासाठी होतं, म्हणजे सभेपर्यंत तरी तो अर्ज त्याच्या बॅगेतच राहील.

तो सभ्य गृहस्थ आमोद आहे.

डिसेंबरात पहिल्यांदा आला, तेव्हा दारातच वाकून पाया पडला. मी त्याला ओळखून जवळ घेतलं, तुमची खुशाली विचारली. चहा झाल्यावर त्यानं कागद काढला. मी कोऱ्या जागा दाखवल्या, तर तो हसला. पुढच्या वेळी गॅसच्या नळीचं बोलला. त्यानं कधी आवाज चढवला नाही, कधी 'अगं-तुगं' केलं नाही. तो गेला की मी दाराला आतून खुर्ची लावून बसायचे, आणि माझं मलाच हसू यायचं, की या पोरानं असं काय म्हटलं? कुणाला सांगायला गेले तर तुम्ही जे म्हणालात तेच सगळे म्हणाले असते. काळजीनं बोलतो, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

सगळं सांगते आहे, तर हेही सांगते. पहिले काही आठवडे मला वाटलं की तुम्हीच त्याला पाठवलंत. तो गॅसच्या नळीचं बोलतो काय, त्याच आठवड्यात तुम्हाला दांडग्यांचे शब्द हवे होतात काय. मला वाटलं, बाप-लेक मिळून मला जोखतात. तुमच्या प्रत्येक ओळीत मी तेच शोधत होते. नोकरीची गोष्ट मी फक्त तुम्हाला लिहिली आणि ती त्याच्या तोंडून ऐकली, तेव्हा तर मी रात्रभर तुम्हाला शिव्या दिल्या. मग ते कार्ड परत आलं, कोपऱ्यात पेन्सिलीनं 'काळजी' लिहिलेलं. तेव्हा कळलं की तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही. इतकं निर्बुद्ध सोंग तुम्हाला वठवता आलंच नसतं.

मग नाव का नाही लिहिलं? पत्र त्याच्याच हातातून तुमच्याकडे जाणार होतं, हे एक. आणि तुम्ही त्याच्या हातचं जेवता. तुमचं औषध, तुमचं मशीन, तुमचा जिना, सगळं त्याच्याकडे आहे. तुम्हाला कळलं आणि तुम्ही घरात भांडलात, तर तुम्ही जाल कुठे? मला निदान दाराला लावायला खुर्ची होती.

कासिमपासूनही लपवलं. तो तापट आहे असं मी धरून चालले होते. त्यानं आमोदच्या कॉलरला हात घातला असता, तर चौकीत कुणाचं नाव आधी लिहिलं गेलं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुमचं अर्जाचं पत्र आलं आणि मला त्याला सगळं दाखवावं लागलं. तुम्ही त्याच्याबद्दल लिहिलेलंही त्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाला, "खाला, या काकांना माहीत नसणार. मी नेऊन देतो." मी दोन महिने तुमच्यावर ठेवला नाही तो विश्वास त्यानं पाच मिनिटांत ठेवला.

सोळा तारखेला मी सही करणार नाही. सभेत उभं राहून कोऱ्या जागा वाचून दाखवणार आहे. अकराजण आहेत, त्यांतले निम्मे आमोदला देवमाणूस म्हणतात. मी एकटीच सांगणार, आणि माझ्याजवळ पुरावा म्हणून तीन गोड वाक्यं आहेत. लोक काय म्हणतील हे मला माहीत आहे. तरी वाचणार.

तुम्ही काही करावं असं म्हणत नाही. फक्त तुम्हाला खरं माहीत असावं.

नाजिमा


शनिवार पेठ
९ मार्च, रविवार, दुपार

नाजिमाबाई,

कासिम समोर बसला आहे. मी त्याला दोन वेळा पाणी विचारलं. त्याच्याबद्दल जे लिहिलं ते मी लिहिलं. का लिहिलं, ते स्वतःला विचारा म्हणाला होतात. तेव्हा विचारलं नाही. आज त्याच्या तोंडाकडे बघून विचारलं. उत्तर तुम्हाला पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, काका, आधी पत्र पुरं वाचा.

वाचून संपतं आहे तोच आमोद बाहेरून आला. कासिमला पाहून त्याचा चेहरा जराही हलला नाही. नमस्कार केला, मावशी कशा आहेत विचारलं. मी तिन्ही कार्डं काढली आणि एकामागून एक मोठ्यानं वाचली. मग विचारलं, ही वाक्यं तुझी का? तो माझ्याशेजारी येऊन बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही दमलात. मशीन द्या इकडे, चार्जिंगला लावतो. थोडं पडा."

आणि त्यानं माझ्या कानाकडे हात नेला.

बाई, हे तो वर्षभर करतो आहे. घरात कुणी आलं, त्याचा फोन आला, मी काही विचारू लागलो, की मशीन चार्जिंगला. मी तासन्‌तास नुसती हलणारी तोंडं बघत बसतो आणि मुलगा किती जपतो म्हणून लोकांना सांगतो. गेल्या दसऱ्याला त्यानं चार कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, बँकेचे म्हणून. त्यात कोऱ्या जागा होत्या का, ते मी पाहिलं नाही. दुसऱ्याच्या पुस्तकातला एक अनुस्वार न सोडणाऱ्या माणसानं स्वतःच्या सहीवरची ओळ वाचली नाही. वाचायला मला भीती वाटली होती, नाजिमाबाई. तेव्हा मी त्याला भीती म्हटलं नाही, मुलावरचा विश्वास म्हटलं. तुमची वाक्यं मला काळजीची का वाटली, ते आता कळतं. मी रोज तीच ऐकतो.

आज मी त्याचा हात धरला आणि मशीन दिलं नाही. अर्ज परत मागितला. "कुठला अर्ज, बाबा?" म्हणाला. मग कासिमकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाला, "वडिलांचं वय झालंय. मावशींनाही सांग, दोघांनी एकमेकांपायी फार त्रास करून घेऊ नये." आणि आत जाऊन त्यानं दार लावून घेतलं. पोटच्या मुलाला भ्यायला लागलो आहे, हे लिहायलाही हात अडतो, पण लिहितो.

हे पत्र टपालात पडणार नाही. आधी कासिमबरोबर चौकीत जाऊन सांगणार, की माझ्या सहीचा एक अर्ज येईल, तो खोट्यावर लिहिला आहे. मग त्याच्या गाडीवर मागे बसून तुमच्याकडे येतो. बरोबर औषधं, दोन जोड कपडे आणि मशीनचा चार्जर घेतला आहे. सभेपर्यंत बाहेरच्या खोलीत झोपेन. चार जिने चढायला अर्धा तास लागेल, दिवा नसला तर जास्त, पण कासिम आहे.

तीन कार्डांवरचा रिकामा रकाना मी माझ्या अक्षरात भरला आहे. सभेत ती तुम्ही वाचू नका, मी वाचतो. गोड वाक्यं आहेत, तुमच्या तोंडी कुणाला पटणार नाहीत. आणि लोकांना माझी ओळख करून देताना छापखान्यातले जुने सहकारी म्हणू नका. आमोदचे वडील म्हणा.

वैजनाथ